राखीव रास

गंगाधरपंतांनी फितीचे स्वच्छ टोक दोन बोटांत धरले आणि दुसरे टोक खाली सोडून दिले. बनुबाईने ते उचलले, पदराला पुसले आणि कोळशाच्या राशीच्या कडेकडेने ती पार पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेली.

"धरलीस का?" पंतांनी नाकावरच्या रुमालाआडून विचारले.

"धरली."

"कोपऱ्याला टेकव नीट."

"टेकिवली की, भाऊसाहेब. आता काय आत घालू?"

पंतांनी आकडा वाचला. साठ फूट. मग रुंदी वीस, उंची पाच. गेल्या शनिवारी हेच आकडे होते, त्याच्या आदल्या शनिवारी हेच होते, आणि दोन पावसाळ्यांपूर्वी पंत वाईहून इथे बदलून आले त्या शनिवारीही हेच होते. या गोष्टीचा पंतांना मोठा आधार वाटे. साल चव्वेचाळीस होते. साखर रेशनवर गेली होती, रॉकेल रांगेत उभे होते, आसपासच्या गावांतली पोरे ज्या मुलखांचे नाव घेता येत नाही अशा मुलखांत जाऊन लढत होती; पण मिरज स्टेशनामागच्या इंधन मंडळाच्या डेपोतली राखीव रास बोटभरही हलली नव्हती.

साठ गुणिले वीस गुणिले पाच म्हणजे सहा हजार घनफूट. बेचाळीस घनफुटांना एक टन, हा मंडळाचा ठराव. भागाकार आला एकशे बेचाळीस टन आणि वर थोडा चुरा. हा भागाकार पंत दर शनिवारी नव्याने करत. उत्तर तेच येई, पण मागचे आयते उतरून घेणे त्यांच्या सचोटीला पटत नसे.

प्रत ठरवण्याचे कामही त्यांच्याकडेच होते. त्यासाठी मंडळाचे छापील परिपत्रक होते. शेकडा तेरापर्यंत राख पडली तर कोळसा निवडक, पंधरापर्यंत पहिली प्रत, अठरापर्यंत दुसरी, आणि पुढे तिसरी. राख मोजायची तर कोळसा जाळायला हवा, आणि जाळलेला कोळसा साठ्यात दाखवायचा कसा, याबद्दल परिपत्रक गप्प होते. पंतांनी लांबून बघून 'निवडक' लिहिले होते. लांबून तो निवडकच दिसे.

लांबून, कारण पंतांना कोळशाची किळस होती. साधी नावड नव्हे, किळस. त्या काळ्या भुकटीचा एखादा कण धोतरावर बसला की त्यांच्या अंगावर काटा येई. डेपोत ते पाणी पीत नसत, पान खात नसत, आणि बोलताना तोंड अर्धेच उघडत. खुर्चीवर वर्तमानपत्र, टेबलावर वर्तमानपत्र, पायाखाली वर्तमानपत्र, असा त्यांचा कारभार होता. डेपोत त्यांच्याइतके वर्तमानपत्र कोणी वापरत नसे आणि त्यांच्याइतके कमी कोणी वाचत नसे. दोन वर्षे कोळसा मोजणाऱ्या या माणसाने कोळशाला एकदाही हात लावला नव्हता. हे त्यांना लाजिरवाणे वाटत नसे. सोवळे पाळून नोकरी केली, असे ते वाईला गेले की सांगत.

हात लावायला बनुबाई होती. पाटी वाहणाऱ्या सात बायांत ती वयाने मोठी, विट्याकडच्या कोरडवाहू मुलखातली. त्या भागातली माणसे सोने गाळायला देशभर गेली. तिचा नवरा गुंडा कोळसा काढायला गेला. चांद्याकडच्या एका खाणीत दोघांनी सहा वर्षे काढली आणि परत येताना गुंडाने खोकला आणला. तो आता घरी पडून होता.

"सळई," पंत म्हणाले.

बनुबाईने राशीत रोवलेली लोखंडी सळई उपसली. कोळसा साठून राहिला की आतून तापतो आणि कधी कधी आपोआप पेटतो, म्हणून दर आठवड्याला सळई खुपसून, अर्धा तास ठेवून, हात लावून बघायचे, असा नियम होता. हात कोणी लावायचा हे नियमात नव्हते.

"गरम की गार?"

बनुबाईने सळई वरून खालपर्यंत मुठीतून ओढली.

"गार हाय."

पंतांनी लिहिले, 'राशीचे तापमान समाधानकारक.' मग त्यांनी राशीभोवती एक फेरी मारली. राशीवर चुन्याचे पाणी शिंपडलेले होते; कोणी एक ढेकूळ जरी उचलले तरी पांढऱ्यात काळे भोक दिसावे म्हणून. पावसाळा संपला की चुना पुन्हा चढे. सळईचे भोक सोडले तर तो कुठेही फुटलेला नव्हता. 'चुना शाबूत,' पंतांनी लिहिले.

शेजारी रोजच्या वापराची चालू रास होती. तिच्यावर पाच कुत्री अंगाची वेटोळी करून झोपली होती. मार्गशीर्षातली थंडी, ऊन अजून अंगाला लागत नव्हते. राखीव राशीवर मात्र एकही कुत्रे नव्हते, कधीच नसे. मागच्या हिवाळ्यात पंतांनी याची मंडळाला मुद्दाम लेखी नोंद पाठवली होती: राखीव राशीस जनावरांचा उपद्रव नाही. मंडळाने समाधान व्यक्त केले होते.

लालासाहेब ठेकेदार दुपारी आले. कोळशाच्या मालगाडीच्या वाघिणी उतरवून राशी रचण्याचा ठेका त्यांचा. गडी उंचापुरा, फेट्याचा, बोलायला मऊ. त्यांनी आल्या आल्या पंतांच्या टेबलावर केळीची फणी ठेवली, तीही वर्तमानपत्रात गुंडाळून. माणसाची नड ओळखणारा माणूस होता.

त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे, की बंगालकडच्या वाघिणी लढाईमुळे अडकल्या आहेत, नळाच्या पाण्याच्या पंपाला कोळसा उरलेला नाही, आणि येत्या शुक्रवारी राखीव रास फोडायचा हुकूम निघाला आहे. त्याआधी मंगळवारी पुण्याहून तपासनीस येतील.

"मग उत्तमच," पंत म्हणाले. "वेळप्रसंगासाठीच तर ठेवली होती."

लालासाहेबांनी एक केळे सोलले आणि खाल्ले. सालीची घडी घातली.

"पंत, राशीच्या पोटात थोडा दगड हाय."

"थोडा म्हणजे?"

"पाया म्हणा."

"पाया खाली असतो."

"तर ह्यो जरा वरपर्यंत आलाय."

पुढचे त्यांनी कोणाच्या लग्नाची हकिगत सांगावी तसे सांगितले. रास रचली त्या वर्षी सांगलीकडच्या वीटभट्ट्यांना कोळसा मिळत नव्हता आणि लालासाहेबांना कोणाची अडचण बघवत नसे. इकडे काळ्या दगडाला तोटा नाही. बाहेरून हातभर कोळसा, आत फत्तर. ऐंशी टन असेल, धरा. शुक्रवारी रास फुटली की फत्तर बाहेर येणार, तेव्हा त्याचे काहीतरी कारण आधीच कागदावर असलेले बरे. मंगळवारी पंतांनी फक्त एक ओळ लिहायची: पूर्व बाजूस चुना फुटलेला आढळला. बायांनी कोळसा नेला आणि कळू नये म्हणून आत दगड भरला. तपासनिसांशी बोलणे झाले होते, फौजदाराशीही.

"बायांनी," पंत म्हणाले. "ऐंशी टन. डोक्यावरून."

"दोन वर्सं हायती की. बनुबाई दर शनवारी सळई घिऊन राशीला भोकं पाडती, आख्ख्या डेपोनं बघितलंय. परवा तिच्या पाटीत राखंतला कोळसाबी घावला."

"राखेतला अर्धवट जळलेला कोळसा बायांनी न्यावा, असा रिवाजच आहे."

"हाय. पर रिवाज कुटं लिवलेला न्हाई."

पंत उठून उभे राहिले. पायाखालचे वर्तमानपत्र चपलेला चिकटून आले. त्यांनी ते काढले नाही.

"आणि मी दोन वर्षं मोजतो आहे, ते?"

"ते तर लय झ्याक मोजलं," लालासाहेब मनापासून म्हणाले. "तुमच्या आदी हितं नाथाजी हुता. घाणेरडा माणूस. राशीवर चढायचा, ढेकळं फोडून बघायचा, एकदा तर चावून बघितलं. मीच मंडळाला लिवलं, आवं, माणूस जरा स्वच्छ द्या."

ते गेले. फणीतली उरलेली केळी तशीच राहिली. पंत त्या केळ्यांकडे बघत होते. मग त्यांनी रुमाल काढून नाकाला लावला. खोलीत कोळसा नव्हता.

घरी शकुंतलाबाईंनी नेहमीप्रमाणे मोरीत पाणी ठेवले. पंतांच्या आंघोळीचा एक क्रम होता: आधी शिकेकाई, मग साबण, मग नुसते पाणी, मग पुन्हा साबण. शकुंतलाबाई तांब्या उंच धरून वरून धार सोडत. नवऱ्याला डेपोतून आल्यावर शिवायचे नाही हा नियम नवऱ्यानेच केलेला होता.

त्या दिवशी आंघोळ झाल्यावर पंतांनी दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले.

"वास येतो का बघ."

"येतो. साबणाचा."

"आणि दुसरा?"

"अहो, दुसरा कधी आलाय?" त्या म्हणाल्या, आणि तांब्या जागेवर ठेवून पाने घ्यायला गेल्या.

पंत जेवायला बसले. भात कालवला. तो पांढरा होता, बोटे पांढरी होती. त्यांनी पहिला घास उचलला आणि परत ताटात ठेवला. पोट बरे नाही, असे त्यांनी सांगितले, आणि शकुंतलाबाईंनी त्यावर ओव्याचे पाणी करून दिले.

सोमवारी सकाळी त्यांनी बनुबाईला कचेरीच्या पायरीशी बोलावले. ती पाटी पालथी घालून तिच्यावर बसली. पंतांनी तिला सगळे सांगितले, पण शेवटाकडून सुरुवातीकडे: आधी फौजदार, मग तपासनीस, मग लालासाहेब, आणि दगड सगळ्यात शेवटी. ती फौजदाराला दचकली. दगडाला दचकली नाही.

"तुला ठाऊक होतं," पंत म्हणाले.

"व्हय."

"कधीपासून?"

"तुमी आलासा, पयला शनवार. सळई घातली तवाच. हातभर गेली अन् ठण्ण वाजली. कोळशात सळई खसाखसा जाती. खाणीत आमी छत ठोकून बघायचो, भाऊसाहेब. वाज ऐकून कळायचं वर काय हाय, कोसळंल का ऱ्हाईल. नाय कळलं तर मेलंच माणूस. त्यो कान अजून हाय मला."

"मग सांगितलं का नाहीस?"

बनुबाईने त्यांच्याकडे पाहिले. थट्टा करतात की काय, असे तिला क्षणभर वाटले असावे.

"आवं, दर शनवारी सांगतुया की. गार हाय म्हणून."

पंतांनी राखीव राशीकडे पाहिले.

"कोळसा कवा गार असतुया व्हय?" ती म्हणाली. "खाणीच्या तोंडाला ढीग असायचे, त्यात भाकरी पुरून ठेवायचो आमी, दुपारपतुर ऊन ऱ्हायची. आत हात घातला की गाईच्या पोटाला लावल्यागत लागतुया. ही बाजूची रास बघा की, कुत्री निजत्यात. त्यांस्नी कुणी परिपत्रक दिलंय? मी म्हणायची गार हाय, तुमी म्हणायचा झ्याक. मला वाटलं, वरनंच ठरलंय. तुमीबी त्यातलंच."

चालू राशीवरचे एक कुत्रे उठले, अंग ताणले आणि पुन्हा तिथेच बसले.

"त्यातलाच," पंत म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल अर्धा बाहेर काढला आणि परत आत कोंबला.

"मी आत गेले तर घरी त्येंच्या औषिदपाण्याचं काय," बनुबाई उठता उठता म्हणाली. ते पंतांना विचारलेले नव्हते. पाटी डोक्यावर घेऊन ती कामाला गेली.

मंगळवारी तपासनीस टांग्यातून उतरले. पांढरी विजार, पांढरा कोट, पांढरी टोपी. फाटकापाशी त्यांनी खिशातून रुमाल काढला, तो चौघडी घातलेला होता. एक घडी उलगडून त्यांनी तो नाकावर धरला, अंगठा आणि दोन बोटांनी, करंगळी वेगळी ठेवून. पंत त्या करंगळीकडे बघत राहिले. पंतांची करंगळीही अशीच वेगळी राहत असे. ती बाहेरून कशी दिसते हे त्यांनी आजवर पाहिले नव्हते.

फौजदार आला होता. लालासाहेबांनी तपासनिसांसाठी खुर्ची मागवली आणि ती राशीपासून वीस पावलांवर ठेवली, वर छत्री धरायला माणूस. सातही बायांना एका रांगेत उभे केले होते. बनुबाई कडेला होती. फौजदाराने राखेतल्या कोळशाची पाटी पुरावा म्हणून तिच्या पायाशी ठेवली होती, आणि तिने सवयीने ती उचलून काखेत घेतली होती.

तपासनिसांनी नोंदवही चाळली.

"ठेकेदार म्हणतात की राशीतला कोळसा गेला. तुम्ही आज सकाळीसुद्धा लिहिलं आहे, चुना शाबूत." ते रुमालातून बोलत होते. "दोन्ही खरं कसं असेल?"

लालासाहेब पंतांकडे बघून अगदी प्रेमाने हसले.

"कोळसा गेला नाही," पंत म्हणाले. "तो आलाच नव्हता."

मग तेच पुढे बोलत राहिले. भलतेच हळू बोलले. आकडे, सळई, कुत्री, सगळे सांगितले. तपासनीस ऐकत होते आणि नोंदवहीच्या कडेवर बसलेला एक काळा कण फुंकर मारून उडवत होते.

"हे सगळं तोंडी झालं," ते म्हणाले. "पुरावा?"

पंत राशीपाशी गेले. त्यांनी कोटाच्या बाह्या मागे सारल्या. डावीकडे, उजवीकडे पाहिले, जणू हात धुवायला पाणी कुठे मिळेल याची आधीच सोय बघत होते. मग डोळे मिटून त्यांनी उजवा हात चुन्यातून आत घातला.

चुन्याचा पापुद्रा मोडला आणि कोळसा त्यांच्या मनगटावरून सांडला. त्यांनी एक ढेकूळ ओढून बाहेर काढले आणि ते हातात धरून उभे राहिले. ते फार हलके होते. एकशे बेचाळीस टन, एकशे बेचाळीस टन असे दोन वर्षे लिहिणाऱ्या पंतांना कोळसा इतका हलका असेल असे वाटलेच नव्हते. मोडला होता तिथे तो चकाकत होता.

मग त्यांनी दुसरा हात घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. ओंजळीओंजळीने कोळसा मागे फेकत ते आत जात राहिले, धोतराची, कोटाची, तोंडाची कसलीच पर्वा न करता; खोकले, थुंकले, काळे थुंकले. हातभर आत त्यांच्या बोटांना दुसरे काहीतरी लागले. तो फत्तर दोन्ही हातांनी ओढून त्यांनी तपासनिसांच्या खुर्चीपुढे आणून टाकला. तो जड होता, काळा होता आणि थंडगार होता.

"हात लावून बघा," ते म्हणाले.

तपासनिसांनी खुर्ची थोडी मागे घेतली.

"दगड आहे खरा," ते वाकून न बघता म्हणाले. "ठेकेदार तेच म्हणत होते, चोरांनी आत दगड भरला." त्यांनी नोंदवही गुडघ्यावर घेतली आणि लेखणी उघडली. "राशीचा चुना फुटलेला आहे. पूर्व बाजूस. बरोबर?"

"आत्ता फुटला."

"वेळ मी लिहीन. फुटलेला आहे की नाही?"

"आहे."

"आणि दगड नेमका कुठे आहे हे फोडणाऱ्याला ठाऊक होतं." लेखणी थांबली. त्यांनी बायांच्या रांगेकडे पाहिले, मग बनुबाईच्या काखेतल्या पाटीकडे. "कोणी फोडला, तिथे एक नाव लागेल. पूर्ण नाव. फौजदारांना तेवढंच हवं आहे."

लालासाहेबांच्या चेहऱ्यावरचे हसू अजून तसेच होते. त्यांनी पंतांना डोळ्यांनी बनुबाईची बाजू दाखवली, परक्या घरात पाहुण्याला जेवणाची जागा दाखवावी तशी. अजूनही काही बिघडलेले नाही, असा त्याचा अर्थ होता.

पंतांनी आपले नाव सांगितले. वडिलांचे सांगितले, आडनाव सांगितले, वाईचा पत्ता सांगितला. तपासनिसांचे अक्षर सुरेख होते.

"हात दाखवा."

पंतांनी दाखवले. तपासनिसांनी लांबून पाहिले आणि तेही लिहून घेतले: 'कारकुनाचे दोन्ही हात काळे आढळले.'

पंत सही करत असताना लेखणीला डाग पडला, तेव्हा तपासनिसांनी ती पंतांनाच ठेवून घ्यायला सांगितली.

पुढे फार काही झाले नाही. एक नाव मिळाल्यावर कोणाला सात बायांची गरज उरली नाही. फौजदाराने पाटीतला कोळसा स्वतःच्या टांग्यात ठेवला आणि पाटी परत दिली. पंतांना चौकशी होईपर्यंत घरी बसवले. शुक्रवारी रास फोडली गेली नाही, कारण आता ती पुरावा झाली होती आणि पुराव्याला हात लावायला मनाई होती. पंपाखाली बाभळीचे ओंडके घातले. गावाला पाणी दोन दिवसांनी एकदा येऊ लागले आणि लोकांनी लढाईला शिव्या दिल्या. पूर्व बाजूचे भोक लालासाहेबांच्या माणसांनी नीट भरून काढले आणि वरून चुना शिंपडला.

शकुंतलाबाईंनी चिंच, लिंबू, राख, सगळे करून पाहिले. हात निघाले, नखांच्या कडा निघाल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी तांब्या उंच धरणे सोडून दिले आणि त्या नवऱ्याचे बोट आपल्या हातात धरून एकेक नख घासत बसल्या. पंतांनी हात मागे घेतला नाही. जेवण मात्र ते दोन घास जास्तच जेवत होते, हे त्यांनी कोणाला सांगितले नाही.

शनिवारी पंत डेपोच्या तारेबाहेर उभे होते. त्यांची छत्री कचेरीत राहिली होती आणि त्यांना आत यायला बंदी होती. काम झाले की आणून देते, असे बनुबाईने तारेपाशी येऊन सांगितले होते.

साताऱ्याच्या कचेरीतून नवा मोजणी कारकून आला होता. तरुण, नीटनेटका, रुमाल कोरा करकरीत. त्याने फितीचे स्वच्छ टोक दोन बोटांत धरले आणि दुसरे खाली सोडले. साठ, वीस, पाच. त्याने गुणाकार केला, भागाकार केला आणि उत्तरावर समाधानाने एक रेघ ओढली. चालू राशीवर कुत्री झोपली होती.

"सळई काढ," तो म्हणाला.

बनुबाईने सळई उपसली.

"हं. गरम की गार?"

बनुबाईने सळई मुठीतून ओढली नाही. ती चार पावले चालत त्याच्यापाशी आली आणि सळई आडवी धरून तिने त्याच्यापुढे केली.

"तुमीच बघा की, भाऊसाहेब. चावत न्हाई."

नव्या कारकुनाने सळईकडे पाहिले. तिच्यावरून काळी भुकटी त्याच्या बुटाच्या टोकावर पडली. त्याने बूट मागे घेतला. मग आपल्या हाताकडे पाहिले, आधी पालथा, मग उताणा.

तारेबाहेर गंगाधरपंतांचा हात, त्यांच्या नकळत, पुढे आला होता.